शेवटच्या घरातला फरक

प्रत्येक कागदावर सात ओळी होत्या. प्रत्येक ओळीत नऊ घरं आखलेली. पाच दशांशचिन्हाच्या आधी, चार नंतर. एका घरात एक अंक. म्हणजे एका कागदावर त्रेसष्ट अंक. हर्डीकर मॅडमनी दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले, वरचे दोन कोपरे अंगठ्यांनी दाबले आणि उजेडात एकेक ओळ वाचायला सुरुवात केली.

त्रेसष्टपैकी एकोणसाठ अंक जुळले. चार जुळले नाहीत. ते चारही शेवटच्या घरातले होते आणि प्रत्येकात फरक एकाचा होता.

“शेवटच्या घरातला एक म्हणजे किती, रेणुका?” मॅडमनी मागे न बघता विचारलं.

“दिवसाचा दहा हजारावा भाग. साडेआठ सेकंद.”

“तिडके, तुझा तारा साडेआठ सेकंद उशिरा आला तर रागावशील का रे?”

“मॅडम, तो साडेआठ मिनिटं उशिरा आला तरी मी त्याच्या पाया पडीन.”

मॅडम हसल्या. त्या फार हसत नसत. कागद काचेवरून काढून त्यांनी टेबलावर ठेवले आणि दोन्हींवर तारखेसह सही केली.

“चार ठिकाणी फरक आहे, हे बरंय,” त्या म्हणाल्या. “एकही नसता तर मला काळजी वाटली असती. जा, पाठवून दे वेळ.”

ही मॅडमची पद्धत होती. महत्त्वाच्या गणितातले आकडे दोघांनी काढायचे. दोन वेगळ्या खोल्यांत बसून, मूळ नोंदींपासून सुरुवात करून, एकमेकांचं न बघता. मग हाताने घरांमध्ये लिहायचे आणि मॅडम ते काचेवर ताडून बघणार. संस्थेत बाकीचे लोक या पद्धतीला हसायचे, पण मॅडमच्या गटातून निघालेला आकडा कधी मागे घ्यावा लागला नव्हता. आदल्या वर्षी एका मुलाने मापकाकडे न बघता तापमानाचा रकाना भरला होता. मॅडमनी त्याला त्याच संध्याकाळी घरी पाठवलं. त्याची छत्री मी आले तेव्हाही आमच्या कपाटात होती.

मी तेवीस वर्षांची होते. एम.एस्सी. करून भुसावळहून पुण्याला आले होते. प्रकल्प साहाय्यक, सहा महिन्यांचा करार. नोव्हेंबरात मॅडम पीएच.डी.साठी एक विद्यार्थी घेणार होत्या.

बालाजी तिडके सातव्या वर्षाला होते. मूळचे अहमदपूरचे. आम्ही सगळे त्यांना बालाजीदादा म्हणायचो. त्यांचा अख्खा प्रबंध एका ताऱ्याबद्दल होता. खरं तर एका जोडीबद्दल. त्या जोडीतला एक निळा महाराक्षसी तारा, सूर्याच्या पंचवीस पट वजनाचा. दुसरा न्यूट्रॉन तारा, पुणे शहरापेक्षा लहान, पण वजनाने सूर्यापेक्षा जड. मोठ्या ताऱ्यावरून सतत वारा वाहत असतो आणि धाकटा त्या वाऱ्यातून फिरत राहतो. एरवी त्याच्यातून जवळजवळ काहीच येत नाही. मग एखाद्या दिवशी अचानक क्ष-किरणांचा उद्रेक होतो, तीन-चार तास टिकतो, आणि पुन्हा सगळं शांत होतं.

“वारा सारखा नसतो,” मी आले त्या पहिल्याच आठवड्यात बालाजीदादांनी मला सांगितलं होतं. “पिठलं नीट हलवलं नाही की गुठळ्या होतात का नाही? तसलंच. गुठळी त्याच्यावर पडली की भडका.”

“मग भडका कधी उडेल ते कसं सांगणार?”

“हां. आता विचारलीस कामाचं. त्याची कक्षा लांबट हाय. मोठ्याच्या सगळ्यात जवळ जातो तिथं गुठळ्याच गुठळ्या. तिथं गेला की भडका उडणारच. म्हणजे कक्षेचा काळ कळला की तारीख कळली.”

त्यांनी तो काळ काढला होता: तीस दिवस आणि काही तास. उपग्रह या जोडीकडे अधूनमधूनच बघायचे; सहा वर्षांच्या नोंदींत सापडलेले सात उद्रेक त्या काळात बसत होते. पण प्रबंध तपासणाऱ्या बाहेरच्या परीक्षकांनी तो परत पाठवला. सात उद्रेकांवरून काढलेला काळ हा योगायोग असू शकतो, असं त्यांनी लिहिलं होतं. पुढचा उद्रेक आधी सांगून दाखवावा.

शेवटची मुदतवाढ एकतीस ऑक्टोबरला संपत होती. लातूरच्या एका कॉलेजने त्यांच्यासाठी प्राध्यापकाची जागा तोपर्यंतच धरून ठेवली होती. त्याआधी उद्रेकाची एकच संधी होती: गुरुवार, तेरा ऑक्टोबर. मॅडमनी एका उपग्रहावर अकरा तास मागून घेतले. त्या अकरा तासांची वेळ आमच्या दोन कागदांवरून, म्हणजे त्या सात उद्रेकांच्या वेळांवरून, ठरली. सकाळी सहा चाळीस ते संध्याकाळी पाच चाळीस. अंदाजाच्या अलीकडे साडेपाच तास, पलीकडे साडेपाच तास.

त्याआधीच्या मंगळवारी, अकरा तारखेला, दुपारी मला काम नव्हतं. मी ग्रंथालयात गेले आणि जुन्या उपग्रहाच्या नोंदींचा जाड खंड मागून घेतला.

त्याचं कारण असं. सात उद्रेकांपैकी नंतरचे चार नव्या उपग्रहाने टिपलेले होते आणि त्यांच्या नोंदी संगणकावर होत्या. ते चार आकडे मी स्वतः काढले होते. आधीचे तीन फक्त या खंडात होते. माझा कागद सोमवारी सकाळी दहाला द्यायचा होता. शनिवारी भुसावळला बहिणीचा साखरपुडा झाला, रविवारी दुपारी मी परतले, आणि रविवारी ग्रंथालय बंद असतं. बालाजीदादांची फाइल सामाईक संगणकावर होती. मी ते तीन आकडे त्यातून उतरवले. चार मिनिटं लागली. मग तिन्ही आकडे अगदी सारखे दिसतील म्हणून त्यांतल्या दोघांचा शेवटचा अंक मी बदलला. एकात एक वाढवला, एकात एक कमी केला.

जे चार अंक काचेवर जुळले नव्हते, त्यांतले दोन हे होते.

हे मला दोन आठवडे खुपत होतं. आकडे बरोबर असणार याबद्दल शंका नव्हती. बालाजीदादा सात वर्षं हेच करत होते. पण ते तीन आकडे एकदा खरोखर काढले की माझ्यापुरता हिशेब नीट होईल असं वाटलं. म्हणून मी वही, पेन्सिल आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसले.

पहिला आकडा काढला. पाच पूर्णांक जुळले. दशांशानंतरचा पहिलाच अंक चुकला. मी पुन्हा काढला. पुन्हा तेच आलं. फरक काढला तर बरोब्बर अर्धा: शून्य दशांश पाच.

दुसऱ्यातही अर्धा. तिसऱ्यातही.

मी खंडाची सुरुवातीची पानं उलटली. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं की यातल्या वेळा जुन्या पद्धतीच्या आहेत. खगोलशास्त्रात तारखेऐवजी सलग मोजत आलेल्या दिवसांचा आकडा लिहितात, आणि जुन्या पद्धतीत तो दिवस दुपारी बाराला बदलतो. रात्रभर दुर्बिणीला बसणाऱ्याला मधेच तारीख बदलावी लागू नये म्हणून. नव्या पद्धतीत तो मध्यरात्री बदलतो. जुन्यातून नव्यात येताना आकड्यातून चोवीस लाख वजा करायचे आणि वर अर्धा दिवस. बालाजीदादांनी चोवीस लाख वजा केले होते. अर्धा दिवस राहिला होता.

मी पूर्ण गणित पुन्हा केलं. तीन जुने आकडे अर्धा दिवस अलीकडे सरकवल्यावर काळ जरासा वाढत होता, फेरीमागे सुमारे अर्धा तास. पण नंतरच्या चार उद्रेकांनाही आता जवळजवळ दोन वर्षं झाली होती. बावीस फेऱ्यांत तो अर्धा अर्धा तास साठत गेला होता. उद्रेक गुरुवारी दुपारी बाराच्या सुमाराला येणार नव्हता. तो रात्री पावणेअकराच्या आसपास येणार होता. उपग्रह तोपर्यंत दुसरीकडे वळलेला असणार होता.

ग्रंथालयाच्या घड्याळात तीन वाजून पन्नास मिनिटं झाली होती. निरीक्षणाची वेळ बदलायची असेल तर मंगळवारी साडेपाचपर्यंत मॅडमनी उपग्रहाच्या केंद्रावर फोन करायचा, असं आमच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलं होतं. त्यानंतर आज्ञा वर पाठवल्या जायच्या आणि बदल होत नसे. एक तास चाळीस मिनिटं होती.

बालाजीदादा कॅन्टीनमध्ये होते. मला दारात बघून त्यांनी हात वर केला.

“ये, भुसावळ! बस. कॉफी घे. आज माझ्याकडून.”

“दादा, मला जरा—”

“आधी बस. मारुतीकाका, हिला एक कॉफी. साखर कमी टाका, केळीच्या गावची हाय, गोडच गोड खाऊन मोठी झालीय.”

मी बसले. वही मांडीवर ठेवली.

“प्राचार्यांचा पुन्हा फोन आला होता,” ते म्हणाले. “रोज विचारायलेत. ‘तिडके, तुमचा तारा कुठवर आला?’ जसं काय एसटीनं येणार हाय. मी म्हटलं, सर, तो निघून चार हजार वर्षं झाली. फक्त गुरुवारी दुपारी उतरणार हाय.”

“मग ते काय म्हणाले?”

“म्हणाले, शुक्रवारी कागद पाठवा.” ते हसले आणि मग एकदम गंभीर झाले. “खरं सांगू का? मला आठ दिवस भूक नाही. आईला सांगितलं नाही अजून. तिला वाटतंय मी मागंच डॉक्टर झालोय. गावात तसं सांगून बसलीय सगळ्यांना.”

कॉफी आली. मी म्हटलं, “दादा, ते जुने तीन उद्रेक आहेत ना. त्यांचे आकडे परत एकदा बघू या का?”

“कशाला?”

“असंच. जुना खंड आहे. छपाईत वगैरे काही...”

“छपाईत चूक असती तर आपल्या दोघांचे आकडे वेगळे आले नसते का? मी वेगळे काढले, तू वेगळे काढलीस.”

“छपाईची चूक दोघांच्याही आकड्यांत आली असती की.”

“बरं, मग माझी चूक म्हण. माझ्याकडून झाली असती तर तुझ्याकडं वेगळं आलं असतं. आणि तू बघितलीस का? शेवटच्या घरात फरक हाय. तीनपैकी दोघांत. म्हणजे तू खरंच बसून काढलीस. नाहीतर इथं लोक काय करतात, माहीत हाय मला.” त्यांनी कप खाली ठेवला. “मी मॅडमला म्हटलंसुद्धा. म्हटलं, मॅडम, त्या दोन अंकांमुळं मला झोप लागली.”

मी वही उघडली नाही.

“काय गं? चेहरा का असा केलीस?”

“काही नाही. प्रवासाचा थकवा आहे.”

“दोन आठवडे झाले की त्याला!”

“उन्हाचा असेल मग.”

“भुसावळच्या माणसाला पुण्यात ऊन लागायलंय,” ते मारुतीकाकांकडे बघून म्हणाले. “ऐकलं का काका?”

मी कॉफी अर्धी टाकून उठले. त्यांना सांगता येणार नाही हे मला कळलं होतं. मॅडमना सांगू असं ठरवलं. फोनही त्यांनाच करायचा होता.

पाच वाजून दोन मिनिटांनी मी मॅडमच्या दारावर टकटक केलं. त्या लिहीत होत्या. मान वर न करता त्यांनी पेनानेच खुर्ची दाखवली. मी बसले. त्यांच्या डाव्या हाताला फोन होता. माझ्यापासून हातभर अंतरावर.

“तुझंच चाललंय,” त्या म्हणाल्या. “पीएच.डी.च्या अर्जावर मार्गदर्शकाचा शेरा लागतो ना. ऐक, ‘काटेकोर आहे. स्वतंत्रपणे काम करते.’ ठीक आहे ना? की फार कोरडं झालंय?”

“ठीक आहे, मॅडम.”

“मला खूप छान, अत्यंत हुशार असलं लिहिता येत नाही. आणि ते वाचून कुणाला काही कळतही नाही.” त्यांनी ओळ पूर्ण केली. “तुझ्या आईला फोन कर. मागे आल्या होत्या तेव्हा मला विचारत होत्या, ‘आमची मुलगी तिथे करते काय?’ मी म्हटलं, मोजते. तर त्या म्हणाल्या, एवढं शिकून?” त्या हसल्या. महिन्याभरात दुसऱ्यांदा. “हं. तू कशाला आली होतीस?”

भिंतीवरच्या घड्याळात पाच बारा झाले होते.

मला वाक्य पाठ होतं. दारापर्यंत येताना मी ते तयार केलं होतं: मॅडम, तीन आकडे मी काढले नव्हते, उतरवले होते, आणि ते चुकीचे आहेत. सोपं वाक्य होतं. त्यात तीन भाग होते. फक्त तिसऱ्या भागाला अडचण नव्हती.

“गुरुवारी किती वाजता यायचं ते विचारायचं होतं,” मी म्हटलं.

“सहा चाळीसला सुरू होतंय. सव्वासहाला ये. तिडके रात्रीच येऊन बसेल, त्याला सांग नीट झोप काढून ये.”

मी बाहेर आले. व्हरांड्यातल्या फलकासमोर उभी राहिले. तिथे वसतिगृहाच्या पाण्याची सूचना होती, एका व्याख्यानाची सूचना होती आणि हरवलेल्या चष्म्याची. मी तिन्ही सूचना वाचल्या. पुन्हा वाचल्या. मॅडमच्या दारापासून मी अकरा पावलांवर होते. साडेपाच वाजले. मी आणखी दहा मिनिटं तिथेच थांबले आणि मग वसतिगृहावर गेले.

क्ष-किरण टिपणाऱ्या उपग्रहाला दिवस-रात्र सारखीच. गुरुवारी सकाळी आम्ही तिघं चहा घेऊन संगणकासमोर बसलो, बाहेर माळी गवत कापत होता, आणि वर यंत्र आमच्या ताऱ्याकडे बघायला लागलं. उपग्रह पृथ्वीला एक फेरी घालायचा, सुमारे दीड तासात, आणि प्रत्येक फेरीनंतर एक आकडा यायचा: त्या फेरीत मोजलेले फोटॉन. तारा शांत असताना फक्त पार्श्वभूमीचे, साधारण एकशे सत्तावन्न. उद्रेक झाला तर हजारो.

बालाजीदादांनी फळ्यावर रकाना आखला. पहिला आकडा आला. १५८.

“लवकरच हाय अजून,” ते म्हणाले.

दुसरा १६१. तिसरा १५४. बारा वाजून दहा मिनिटांनी अंदाजाची वेळ होती. चौथी फेरी तिच्यावरून गेली. १४९.

“थोडा उशीर होईल,” मॅडम म्हणाल्या. “सातातले दोन उद्रेक दोन-तीन तास मागे-पुढे होतेच.”

“हो, मॅडम.”

आम्ही जेवायला गेलो नाही. मारुतीकाकांनी पोहे पाठवले, ते तसेच राहिले. पाचवा १६३. सहावा १५७. बालाजीदादा आता खुर्चीवर बसत नव्हते. ते फळ्याजवळ खडू घेऊन उभे होते आणि मधूनमधून खडूची धूळ पँटला पुसत होते. पाच चाळीसला निरीक्षण संपलं. सातवा आकडा यायला आणखी वीस मिनिटं लागली.

१६६.

त्यांनी तो लिहिला. सातही आकड्यांची बेरीज केली, तोंडी. १,१०८. तिच्याखाली अपेक्षित पार्श्वभूमी लिहिली: १,०९६, अधिक-उणे ३३. मग खडू खाचेत ठेवला.

मॅडमनी थंड पोह्यांच्या बशा बाजूला सरकवल्या.

“तिडके,” मॅडम म्हणाल्या, “मी मुदतीसाठी पुन्हा लिहीन. आणखी एक निरीक्षण मागू.”

“कशाच्या जोरावर मागायचं, मॅडम?”

“आकड्यांतच कुठे काही चूक असू शकते.”

“आकड्यांत चूक असती तर किती बरं झालं असतं,” बालाजीदादा म्हणाले. “आकडे दुरुस्त करता येतात. पण ते दोघांनी काढलेत ना. काचेवर तुम्हीच ताडून बघितलेत.” ते माझ्याकडे वळले. “नाही का गं, रेणुका?”

त्यांनी मला त्या दिवशी भुसावळ म्हटलं नाही.

“हो,” मी म्हटलं.

“मग आकडे बरोबर हायेत. म्हणजे कल्पनाच चुकली. सात उद्रेक काय, कुठल्याही काळात बसवता येतात. परीक्षकांनी तेच लिहिलं होतं.”

“एका निरीक्षणावरून असं म्हणता येत नाही, बाळा,” मॅडम म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हा शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता.

“मला म्हणता येतं, मॅडम. मी सात वर्षं म्हणत आलो की चुकणार नाही म्हणून. चुकलं.”

त्यांनी डस्टर घेतलं आणि फळा पुसला. रकाना, आकडे, बेरीज, सगळं. मग डस्टर खिडकीबाहेर धरून दोनदा झटकलं. खिडकीतून टेकडीवर फिरायला निघालेली माणसं दिसत होती. सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. उद्रेकाला अजून साडेचार-पाच तास होते, आणि जगात फक्त मला ते माहीत होतं. तेव्हासुद्धा मी बोलले असते तर बरंच काही झालं असतं. मुदत वाढली असती. प्रबंधात अर्ध्या दिवसाची दुरुस्ती झाली असती. महिन्याभराने पुढची फेरी होती.

सोमवारी बालाजीदादांनी प्रबंध मागे घेत असल्याच्या पत्रावर सही केली. मॅडमनी ते पत्र तीन दिवस पुढे पाठवलं नाही. चौथ्या दिवशी पाठवलं. लातूरच्या कॉलेजने ती जागा दुसऱ्याला दिली. ते गेले तेव्हा त्यांच्याकडे दोन बॅगा आणि एक पंखा होता. मी पंखा उचलून रिक्षापर्यंत गेले.

“तुझं झालं का नक्की? पीएच.डी.चं?” त्यांनी विचारलं.

“झालं.”

“छान. मॅडमना सांभाळ. त्यांनी जेवण सोडलंय.” मग रिक्षात बसता बसता म्हणाले, “आणि आकडे काढायचं सोडू नकोस हाताने. तुझा हात चांगला हाय.”

त्यानंतर त्यांचा फोन आला तो बरोबर वर्षाने, चौदा ऑक्टोबरला. दुपारी तीनची वेळ होती. मागे मुलांचा गलका ऐकू येत होता. ते आता अहमदपूरला बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवत होते.

“ओळखलीस का?”

“दादा! कसे आहात?”

“मजेत. ऐक, एक काम हाय. त्या दुसऱ्या देशाचा उपग्रह हाय बघ, सगळं आकाश एकदम बघणारा. त्याच्या नोंदी वर्षभरानं सगळ्यांना खुल्या होतात. काल वर्ष झालं.”

“हो.”

“आपल्या यंत्रातच काही बिघाड असंल तर? म्हणजे मला तसं वाटत नाही. पण इथं इंटरनेट धड नाही, आणि बघायचं सगळं विसरलोय मी. त्या अकरा तासांत त्याला काय दिसलं, तेवढं बघून सांगतीस का?”

“बघते, दादा. तासाभरात फोन करते.”

“घाई नाही. पण आज कर.”

मी नोंदी उतरवून घेतल्या. अकरा तासांच्या नाही. गुरुवार सकाळपासून शुक्रवार पहाटेपर्यंतच्या पूर्ण. पार्श्वभूमी वजा करून आलेख काढला. चाळीस मिनिटं लागली. आलेखाकडे बघत मी आणखी वीस मिनिटं बसले. मग फोन लावला. पहिल्याच घंटीला त्यांनी उचलला.

“बोल.”

“त्या अकरा तासांत काही नाही, दादा.”

“एकदम काहीच नाही?”

“पार्श्वभूमी. तेवढीच.”

पलीकडे मुलं कुठलं तरी सूत्र एका सुरात म्हणत होती. त्यांनी कुणाला तरी ‘गप बसा रे’ म्हटलं. मग ते दुसरीकडे चालत गेले असावेत. गलका कमी झाला.

“बरं झालं,” ते म्हणाले. “मधूनमधून वाटायचं. झोपताना वगैरे. की घाई तर केली नाही ना आपण. आता नाही वाटणार.”

“दादा—”

“जेवलीस का?”

“हो.”

“ठेवतो मग. तास हाय माझा.”

याला आता बारा वर्षं झाली. तो आलेख माझ्याकडे आहे. उद्रेकाची सुरुवात गुरुवार, तेरा ऑक्टोबर, रात्री दहा वाजून बत्तीस मिनिटं; म्हणजे आमचं निरीक्षण संपल्यानंतर चार तास बावन्न मिनिटांनी. कालावधी तीन तास चाळीस मिनिटं. सर्वोच्च तीव्रता पार्श्वभूमीच्या एकतीस पट.